फॉर्म भरण्याआधी: मुलांच्या मानसिक आरोग्याच्या रिसर्चमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

दरवर्षी जून-जुलैत आमच्याकडे नवीन मुलंमुली जॉइन होतात, कुणी एमएसडब्ल्यू करून, कुणी सायकॉलॉजीत एमए करून, आणि पहिल्याच दिवशी चहा पिता पिता प्रश्न येतो की दिवसाला किती फॉर्म करायचे असतात. प्रश्न चूक नाही, टार्गेट असतंच. पण बारा वर्षं हे काम करून माझं मत असं झालंय की पहिला आठवडा टॅबला हातच लावू नये. छापील प्रश्नावली घ्या, पेन्सिल घ्या, आणि प्रत्येक प्रश्नाच्या पुढे मार्जिनमध्ये लिहा, "समोरची बाई हो म्हणाली तर मी काय करणार?" जिथे उत्तर सुचत नाही तिथे गोल करा. ते सगळे गोल घेऊन तुमच्या पीआयकडे, म्हणजे प्रोजेक्टच्या मुख्य संशोधकाकडे जा. काही पीआय वैतागतात, वैतागू द्या.

हे सगळं महाराष्ट्र-गोव्यातल्या फील्डच्या हिशोबानं लिहितेय, लॅबमध्ये बसून एमआरआय बघणाऱ्यांना याचा फारसा उपयोग नाही.

पायरी १ : आपण नक्की काय मोजतोय ते आधी समजून घ्या

स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींत अडचण), अध्ययन अक्षमता, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) हे विकासाशी संबंधित. नैराश्य, चिंता, वागणुकीच्या अडचणी हे मानसिक आरोग्याशी संबंधित. पुस्तकात दोन वेगळे चॅप्टर असतात पण घरात मूल एकच असतं, स्वमग्न मुलालाही चिंता असते आणि त्याच्या आईला झोप नसते, म्हणून कुटुंब हा तिसरा भाग. सेवा मात्र वेगवेगळ्या दारात मिळतात, त्यामुळे आपल्या अभ्यासात कुठला भाग आहे ते पक्कं माहीत हवं.

कायद्यातले शब्द पण बघून ठेवा. १९९५ च्या अपंग कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता त्यात आल्या. "मतिमंद" हा शब्द कागदावर लिहू नका. लोक मात्र घरात "साधा आहे", "भोळा आहे", "जरा उशिरा आहे" असं म्हणतात. ते शब्द लक्षात ठेवा, कारण आई तुम्हाला "बौद्धिक अक्षमता" कधीच सांगणार नाही, ती "साधा आहे हो" म्हणेल आणि तुम्ही पुढचा प्रश्न विचाराल.

दोन अभ्यास नक्की वाचा. एक २०१८ मध्ये आलेला इनक्लेन या संशोधन संस्थेचा अभ्यास. पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणी मिळून ३,९६४ मुलं तपासली, सगळीकडे एकच पद्धत. तरी २ ते ६ वयोगटात विकासाशी संबंधित अडचणींचं प्रमाण एका ठिकाणी २.९ टक्के तर दुसरीकडे १८.७ टक्के. त्यामुळे कुणी "भारतात अमुक टक्के मुलांना" असं एका आकड्यात सांगायला लागलं की मी आधी विचारते, कुठल्या भारतात? दुसरा म्हणजे २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, त्यात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये मानसिक आजारांचा ७.३ टक्के आकडा आला होता, तो सगळीकडे कोट होतो, फक्त त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या प्रस्तावात तो आकडा टाकताना "राज्यात" असं लिहायचं नाही. मी स्वतः एकदा लिहिलंय, रिव्ह्यूअरनं पकडलं.

पायरी २ : टूल हातात घेऊन स्वतःवर चालवून बघा

टूल म्हणजे मोजण्यासाठीची प्रश्नावली किंवा चाचणी. नवीन लोकांना वाटतं की टूल म्हणजे थर्मामीटर, लावला की आकडा. तसं नसतं.

ऑटिझमची शंका तपासणारी एम-चॅट घ्या. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, २० प्रश्न, आई हो किंवा नाही म्हणते. बहुतेक प्रश्नांत "नाही" आलं की काळजी, पण २, ५ आणि १२ हे तीन उलटे आहेत, तिथे "हो" ही काळजी. दुपारी तीनच्या उन्हात अकरावं घर करताना हे उलटे तीन कसे हातातून सुटतात ते मी बघितलंय. स्कोअर ३ ते ७ आला की लगेच काही ठरवायचं नाही, फॉलो-अप मुलाखत घ्यायची असते, म्हणजे चुकलेल्या प्रत्येक प्रश्नावर उदाहरणं विचारायची. नवीन लोक ही दुसरी मुलाखत टाळतात कारण वेळ जातो. मग रेफरची यादी लांबलचक होते, आया जिल्ह्याच्या गावी चकरा मारतात, तिथे डॉक्टर म्हणतात काही नाही हो, आणि पुढच्या वेळी त्या गावात तुम्हाला कुणी पाणी पण विचारत नाही. आणि हे सगळं स्क्रीनिंग, म्हणजे पहिली चाळणी आहे, निदान नाही. "तुमच्या मुलाला ऑटिझम आहे" हे वाक्य तुमच्या तोंडून कधीच येता कामा नये.

एसडीक्यू म्हणजे मुलांच्या भावना आणि वागणुकीबद्दलची २५ प्रश्नांची प्रश्नावली, पाच भाग, प्रत्येकात पाच प्रश्न. चार भागांची बेरीज करायची, जास्तीत जास्त ४०, आणि पाचवा भाग चांगल्या वागण्याचा असतो तो बेरजेत धरायचा नाही. एकानं सगळ्या २५ ची बेरीज केली होती, चांगली मुलं सगळ्यात जास्त त्रासात निघाली! शिवाय त्याचे कॉपीराइट कडक आहेत, अधिकृत भाषांतरातला शब्द आपल्या मनानं बदलायचा नाही आणि टॅबवर टाकायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. हे प्रोजेक्ट सुरू झाल्यावर कळलं तर फार महागात पडतं.

बुद्ध्यांकाच्या चाचण्यांचा तर आपल्याकडे मोठा इतिहास आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ च्या सुमाराला बिने ही परदेशी बुद्धिमत्ता चाचणी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली, नागपूरला डॉ. मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलरच्या बुद्धिमत्ता चाचणीची भारतीय आवृत्ती केली, लहान बाळांचा विकास तपासणारी डीएएसआयआय चाचणी प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातल्या कामातून आली. कौतुक आहेच. पण निकष जुने आहेत, त्या मुलांची आता नातवंडं शाळेत आहेत, म्हणून स्कोअर लिहिताना कुठल्या वर्षाचे निकष वापरले ते लिहाच. आणि या चाचण्या तुम्ही घ्यायच्या नाहीत, त्यासाठी ट्रेनिंग घेतलेले सायकॉलॉजिस्ट असतात. तुम्ही फक्त वय बरोबर काढा. तेवढंही सोपं नाही, कारण आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख किती जणांची असते बघा. लहान मुलाची तारीख लसीकरणाच्या कार्डावरून घ्या, आणि मूल वेळेआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून धरा.

भाषेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. पुण्यात बसून केलेलं भाषांतर बीडच्या तांड्यावर चालत नाही, सिंधुदुर्गात पण चालत नाही, गोव्यात तर घरात कोंकणी असते. "लक्ष केंद्रित करण्यात अडचण" असं विचारलं की आई मान हलवते, ती मान कशासाठी हलली ते तिलाही माहीत नसतं. "एका जागी बसतच नाही, सारखी चुळबुळ" म्हटलं की ती लगेच सुरू होते. "उदास वाटतं का" ला पोरं नाही म्हणतात, "कशात मनच लागत नाही असं होतं का" ला गप्प बसतात, मग बोलतात. पण हे सगळं आधी करायचं असतं, भाषांतर, मग दुसऱ्याकडून उलट भाषांतर, मग दहा-बारा घरांत बसून "हा प्रश्न ऐकून तुम्हाला काय वाटलं" असं विचारणं. एकदा प्रश्न पक्का झाला की मग फील्डवर प्रत्येकानं आपापलं वाक्य जोडायचं नाही, नाहीतर पाच जणांनी पाच वेगळ्या प्रश्नावल्या भरल्या असं होतं.

काळ पण असाच पकडायचा. "मागच्या दोन आठवड्यांत" म्हणजे मागचे दोन आठवडी बाजार. "सहा महिन्यांत" म्हणजे दिवाळीत विचारत असाल तर अक्षय तृतीयेपासून. असे खुंटे आधी टीमनं ठरवून घ्यावेत.

पायरी ३ : संमती, म्हणजे सही नव्हे

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं हे तुमचं बायबल म्हणा, ज्ञानेश्वरी म्हणा. मूल १८ च्या खालचं असेल तर पालकाची संमती लागतेच, आणि ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो, ७ ते १२ तोंडी, १२ ते १८ लेखी. पालक हो म्हणाले आणि मूल नाही म्हणालं तर दाबायचं नाही. आई "अरे सांग की, ताई विचारतायत" म्हणून पाठीत धपका घालते तेव्हा तो होकार नसतो! तिथे थांबा, पाणी मागा, विषय बदला, मग परत विचारा, आणि तरी नको तर नको.

लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो पण सोबत टीमबाहेरचा साक्षीदार हवा. आवाज रेकॉर्ड करायचा तर त्याची वेगळी परवानगी. अभ्यास सुरू असताना मूल १८ पूर्ण झालं तर त्याची स्वतःची संमती नव्यानं घ्या.

इथे एक गोष्ट जवळपास सगळ्यांची चुकते. बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती १८ ची झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यानुसार जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, ती पालकत्व देते. २२ वर्षांच्या मुलाच्या जागी आईची सही घेताना हा कागद आहे का, आणि त्या मुलाला सोप्या भाषेत, चित्रं दाखवून सांगितलं तर तो स्वतः काय म्हणतोय, दोन्ही बघायचं.

आणि "तुम्ही सांगाल ते मी कुणालाच सांगणार नाही" हे वचन देऊ नका. पॉक्सो कायद्यात, २०१२ चा, लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. त्यात १८ च्या खालचं कुणीही मूल येतं, म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या मित्राबद्दल विश्वासानं सांगितलं तरी तुम्ही पेचात सापडता. म्हणून मुलाखतीच्या आधीच सांगा, "तुझं बोलणं आमच्यात राहील, पण तुला किंवा दुसऱ्या कुणा मुलाला धोका आहे असं कळलं तर मला मोठ्यांना सांगावं लागेल." काही मुलं यानंतर कमी बोलतात. बोलू देत कमी.

पायरी ४ : रेफरची यादी आधी, सर्व्हे नंतर

मार्जिनमधले ते गोल आठवतायत? त्यांची उत्तरं इथे येतात. पहिल्या घरात पाऊल टाकायच्या आधी तुमच्या पिशवीत एक पान हवं, त्यावर तालुक्यातलं आणि जिल्ह्यातलं कोण काय देतं, कुठल्या वारी, किती वाजता, केसपेपर कुठे काढायचा, एसटी कुठून. हे पान ऑफिसात बसून इंटरनेटवरून करायचं नाही, स्वतः जाऊन बघायचं. आम्ही एकदा एका ठिकाणी आयांना पाठवत राहिलो आणि दोन महिन्यांनी कळलं की तिथली स्पीच थेरपिस्टची पोस्ट कधीचीच रिकामी आहे. त्या आयांचा प्रत्येकी एक दिवसाचा रोज बुडाला होता, तिकीट वेगळं. त्यांची माफी मागायला मी गेले होते, एकीनं दार उघडलं नाही.

सरकारी वाट अशी, आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ मध्ये सुरू झाला, आपल्या पालघरमधूनच. त्यांची फिरती पथकं अंगणवाडीत आणि शाळेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात आणि पुढे जिल्हा पातळीवरच्या डीईआयसीला, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राला पाठवतात. त्या पथकातल्या डॉक्टरांशी आधी ओळख करून घ्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, कसं काढायचं ते पण शिकून ठेवा, कारण लोक तुम्हाला मानसिक आरोग्याबद्दल कमी आणि "ताई, सर्टिफिकेट मिळंल का" हेच जास्त विचारतात. हा विषय आपल्या अभ्यासाचा नाही असं म्हणून हात झटकू नका, त्यांच्यासाठी तोच विषय आहे.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चाइल्ड हेल्पलाइन १०९८. दोन्ही पाठ हवेत.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. किशोरवयीन मुलांना पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली दिली जाते, त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. हा विचारल्यानं मुलाच्या डोक्यात विचार घुसतो असं नाही, ती भीती सोडा. पण "हो" आलं तर फॉर्म तिथेच थांबवायचा. मुलाला एकटं सोडायचं नाही, शांतपणे बसून ऐकायचं, प्रोजेक्टच्या सायकॉलॉजिस्टला तिथूनच फोन लावायचा, उद्यावर ढकलायचं नाही. घरातल्या कुठल्या मोठ्या माणसाला सांगायचं ते मुलाला विचारून ठरवायचं, कारण कधी कधी त्रास देणारं माणूस घरातलंच असतं. आणि फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलंय ते विचारा, ते कुलपात किंवा दुसऱ्याकडे ठेवायला लावा. गावाकडे ही एक गोष्ट करायला दहा मिनिटं लागतात, आणि ती ट्रेनिंगच्या स्लाइडवर बऱ्याचदा नसतेच.

पायरी ५ : कॅलेंडर आणि माणसं

दिवाळीनंतर बीड, नगरकडच्या गावांत गेलात तर निम्मी घरं कुलूपबंद, लोक ऊसतोडीला गेलेले, पोरं पण सोबत. ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येतात. या काळात केलेला सर्व्हे म्हणजे जी मुलं सगळ्यात जास्त अडचणीत आहेत तीच गाळलेला सर्व्हे, आणि कागदावर मात्र "घर बंद" एवढीच नोंद. एकतर तारखा बदला नाहीतर फडावर जायची तयारी ठेवा. पेरणीच्या दिवसांत आणि परीक्षेच्या दिवसांत जाऊ नका, हे सांगायला नको.

शाळेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, अंगणवाडीसाठी सीडीपीओंचं (बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांचं), गावात सरपंचांना भेट. पण खरा दरवाजा आशाताई आणि अंगणवाडी सेविका. त्यांच्याकडे आधीच ढीगभर रजिस्टरं आहेत, तुमचं काम फुकटात त्यांच्या गळ्यात मारू नका, बजेटमध्ये मानधन धरा. एक अडचण मात्र आहे, आशाताई बरोबर आल्या की मुलाखतीत त्या पण बसतात, आणि त्या त्याच गल्लीतल्या असतात. ओळख करून दिली की त्यांना प्रेमानं चहाला पाठवा.

काम कोण करतं यानं निकाल बदलतो हे बिहारमध्ये दिसलंय. गोव्यातल्या संगाथ संस्थेनं नालंदा जिल्ह्यातल्या हायस्कुलांमध्ये सेहेर नावाचा विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा कार्यक्रम तपासला, कार्यक्रम तोच, काही शाळांत बाहेरून नेमलेले समुपदेशक, काहींत तिथलेच शिक्षक. २०१८ मध्ये निकाल आले, समुपदेशकांच्या शाळांत फरक पडला, शिक्षकांच्या शाळांत नाही. आपल्याकडे प्रत्येक योजनेत "शिक्षकांमार्फत" असं लिहायची सवय आहे, म्हणून हे सांगितलं.

पायरी ६ : घरात बसल्यावर

दुपारी दोन ते चार ही बायकांची वेळ. पहिला प्रश्न तुम्हाला येणार, "कुठल्या योजनेचं हाय?" खरं सांगा, योजना नाही, पैसे मिळणार नाहीत, अभ्यास आहे. रोज बुडाल्याची भरपाई देणार असाल आणि ती अभ्यासाच्या नैतिकता समितीनं मंजूर केलेली असेल तर तेही आधीच स्पष्ट सांगा.

सासू शेजारी बसलेली असेल तर सून "मूल बोलतं का" ला काय उत्तर देणार? सासूच देते, "बोलंल की, त्याचा बाप बी चार वर्षांनी बोलला." हे ऐकून घ्या, खोडू नका, लिहून पण घ्या. मग म्हणा, "आजी, मला जरा घर दाखवता का?" आणि जोडीदाराला सुनेपाशी बसू द्या. म्हणूनच जोडीनं जायचं. सून तेव्हा जे बोलते ते सगळंच फॉर्ममध्ये बसत नाही, नवरा काय म्हणाला, कुठल्या देवाला नवस केला, गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणून तिलाच कसा दोष देतात. त्यावर "असं काही नसतं" म्हणून लेक्चर देऊ नका. एवढंच म्हणा की यात तुमची चूक नाही. एवढं वाक्य तिला बहुतेक कुणी म्हटलेलं नसतं.

बापांना पण विचारा. आपल्या रिसर्चमध्ये "पालक" म्हणजे आईच असते, कारण ती घरी सापडते. रविवारी सकाळी गेलात तर बाप सापडतो, आणि तो बोलतो, विश्वास ठेवा.

पायरी ७ : डेटा

थोडक्यात. नावाच्या जागी कोड, नाव आणि कोड जोडणारी यादी वेगळ्या कुलपात. फॉर्मचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत, मुलांबरोबर सेल्फी नाही, स्टेटस तर नाहीच. नकार आले तर नकार लिहा, नकारांचा आकडाही डेटाच आहे. घरी बसून फॉर्म भरलेत तर कळतं, टॅबवर वेळ नोंदवला जातो आणि खऱ्या आयांची उत्तरं कधीच इतकी सरळ नसतात.

उलटा निकाल आला तरी तो लिहायचा. संगाथचाच २०१६ चा पास नावाचा अभ्यास बघा, गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ स्वमग्न मुलांवर, तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधायचा ते शिकवलं. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली, पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ कमी झाला. तेही त्यांनी छापलं.

पायरी ८ : परत जा

यासाठी बजेट कुणी ठेवत नाही, तुम्ही प्रस्ताव लिहायच्या टप्प्यावर असाल तर आत्ताच ठेवा. प्रत्येक गावासाठी एक दिवस, अंगणवाडीत बसून, स्लाइड नको, गावात काय दिसलं ते सरळ मराठीत, कुणाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही न सांगता. छोट्या गावात "दोन मुलं" म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कुठली दोन, तेव्हा आकडे तालुक्याचे सांगा.

आणि ज्यांना रेफर केलं होतं त्या घरी वेगळं जा, गर्दीबरोबर नाही. चिठ्ठी घेऊन गेले का, तिथे कोण भेटलं, काय म्हणाले, नसतील गेले तर का नाही, एवढं विचारा आणि गरज असेल तर पुढच्या ओपीडीच्या दिवशी सोबत जा. पिशवीतल्या त्या पानावर वार आणि वेळ बदलली असेल तर खोडून नवीन लिहा, पुढच्या जूनमध्ये येणाऱ्यांना तेच पान लागणार आहे.